रेफर केलं होतं

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मदत मागायला आलेल्या साठ जणांच्या फायली, वरून आकड्यांचा तगादा, आपण नुसते कागद पुढे ढकलतोय का ही शंका, सगळं समजलं. पण मी अडले ते त्यातल्या एका बाईंबद्दलच्या वाक्यापाशी. "मी त्यांना रेफर केलं होतं, त्याच गेल्या नाहीत." रेफर केलं, म्हणजे योग्य त्या कार्यालयाकडे पाठवलं. हेच वाक्य मीही वर्षानुवर्षं लिहीत होते, म्हणून टोचलं.

एक आजी होत्या. पतीच्या पश्चात मिळणारी मदत त्यांना लागू होती. मी पात्रता तपासली. कोणती कागदपत्रं, कुठली खिडकी, सगळं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. त्यांनी मान डोलावली. मी फायलीवर 'संदर्भित', म्हणजे रेफर केलं, असं लिहिलं आणि पुढची फाइल ओढली. चार महिन्यांनी त्या वेगळ्याच कामासाठी आल्या, तेव्हा पिशवीतून माझी चिठ्ठी निघाली. आठ घड्या घातलेली, घड्यांवरची शाई उडालेली. त्यांना वाचता येत नव्हतं. मी विचारलं नव्हतं, आणि आपणहून असलं कोण सांगतं? अर्जाची मुदत तोवर उलटली होती.

तेव्हापासून माझा एकच हेका. हातात पडलं का? चिठ्ठी दिली, अर्ज भरला, मंजुरी आली, ठीक आहे. पण हातात पडलं का? खातेक्रमांकातला एक आकडा चुकला की मंजूर पैसे परत जातात. नूतनीकरणाचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं आणि चालू मदत बंद पडते. हक्क असूनही माणसं गळतात ती अशाच सांध्यांवर, आणि आपल्याला नेमलंय ते सांध्यांसाठीच. नुसती माहिती काय, भिंतीवरचं पत्रकही देतं.

माणूस समोर बसलेला असतानाच, त्याला विचारून, पुढच्या कार्यालयात फोन लाव. कुणाला भेटायचं ते नाव घे, वेळ घे, दोघांना एकमेकांशी बोलू दे. 'विचारून' हा शब्द गाळू नकोस. आपल्याबद्दल काय सांगायचं आणि काय नाही, हे त्यानं ठरवायचं. अर्जाची पोच घे. नकार आला तर कारण लेखी माग आणि अपिलाची मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर टाक. तोंडी "नाही होणार" याला मी नकार मानतच नाही. 'अपात्र' आणि 'कागदपत्रं अपुरी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. घाबरलेल्या माणसाला दोन्ही सारखीच वाटतात.

साठ जणांचं असं कसं करू, म्हणशील. बरोबर आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात स्टाइन आणि टेस्ट या संशोधकांनी गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना दवाखान्यात बोलावत बसण्याऐवजी कर्मचारीच त्यांच्याकडे पाठवले. त्या पद्धतीत साधारण दहा जणांमागे एक कर्मचारी धरतात. तुला साठ दिलेत. हे वरिष्ठांना लेखी कळव, तोंडी कुरकुर करू नकोस. पण त्या सबबीवर फायली बंद करत सुटलीस तर मी रागावेन.

माझ्या बंद फायलींचा आकडा कायम कमी असायचा. "तुम्ही लोकांना लाडावून ठेवता," असं एका साहेबांनी भर बैठकीत ऐकवलं. बढतीही उशिरा मिळाली. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. हां, ज्याला स्वतःचा अर्ज भरता आला असता त्याच्याही हातातून मी तो कितीदा ओढून घेतला. हळू लिहायचे बिचारे, आणि मला धीर नव्हता. तेवढं माझ्याकडून शिकू नकोस.

सोमवारी त्या बाईंना फोन कर. "का गेला नाहीत?" असं विचारू नकोस. "कुठे अडलं?" असं विचार, आणि त्या बोलेपर्यंत गप्प राहा. प्रवासखर्च, घरातलं आजारपण, मागच्या खेपेला खिडकीवर झालेला अपमान, काहीही निघेल. निघेल ते फायलीत लिही आणि 'संदर्भित'वर काट मार.

तुझी,
ताई