स्थलांतरितांनी एखाद्या छोट्या गावात उभारलेल्या चर्चचा इतिहास कोणी सांगेल का? आधी गाव वसतं की आधी चर्च?

मला माहीत असलेल्या एका ठिकाणी गाव, जमीन, अगदी जहाजाच्याही आधी चर्च होतं. इमारत नव्हे, मंडळी. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातला. आमच्याकडे चर्च म्हणजे वास्तू आणि मंडळी म्हणजे माणसं, म्हणून हा फरक आधीच सांगतो.

गावाचं नाव सर्बिन. अमेरिकेत, टेक्सासमध्ये, गिडिंग्ज शहराजवळ. मी ऑस्टिनला राहतो, तिथून गाडीने तासाभराचा रस्ता. गाव वसवणारे लोक वेंड, म्हणजेच सोर्ब. जर्मनीच्या पूर्व टोकाला लुसेशिया भागात राहणारे हे स्लाव्ह लोक, भाषा पोलिश-चेकच्या नात्यातली आणि बहुतेक सगळे ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट पंथाचे. 1817 पासून प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रॉटेस्टंट पंथांची एकच मोट बांधायला घेतली. जुन्या वळणाच्या ल्यूथरनांना ते मानवलं नाही. त्यात भाषेवर जर्मनचा दाब आणि हातात तुटपुंजी जमीन.

1854 मध्ये काही वेंड कुटुंबांनी एकत्र येऊन मंडळी स्थापली, यान किलियान यांना पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून बोलावलं आणि सप्टेंबरात सगळे निघाले. लिव्हरपूलला ‘बेन नेव्हिस’ नावाच्या शिडाच्या जहाजात साडेपाचशेच्या आसपास माणसं चढली, आणि त्यांच्याबरोबर पटकीही. आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात जहाज थांबवून, धुरी देऊन शुद्ध करावं लागलं. त्यात आठवडे गेले. डिसेंबरात गॅल्व्हेस्टनला पोचेपर्यंत सत्तरच्या वर माणसं दगावली होती.

जे उरले त्यांनी डॉलरला एकर या भावाने 4,254 एकर जमीन घेतली आणि त्यातली 95 एकर चर्च आणि शाळेसाठी राखून ठेवली. स्वतःच्या डोक्यावर धड छप्पर नसताना! सुरुवातीला ओंडक्यांच्या घरात उपासना होत. आत्ताची दगडी इमारत 1871 ची.

बाहेरून ती साधीच दिसते. आत गेल्यावर मात्र मी पाळकांची जागा शोधत वेदीकडे बघत बसलो. व्यासपीठ तिथे नाहीच, ते वर सज्जात आहे, जमिनीपासून वीसेक फुटांवर. पूर्वी पुरुष वर सज्जात बसायचे आणि बायका-मुलं खाली. आमच्या गावाकडे बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. इथे वर-खाली, म्हणजे प्रवचन ऐकायला मान दुखायची ती बायकांचीच! छत निळं आहे. खांबांवर पिसांनी रंग ओढून संगमरवराचा आभास आणलाय. हात लावून बघेपर्यंत मी फसलो होतो.

आणि मंडळी म्हटली की भांडण आलंच. 1870 मध्ये इथेही फूट पडली. काही लोकांना उपासना जर्मनमध्ये हवी होती, किलियान वेंडिश सोडायला तयार नव्हते. जर्मनवाल्यांनी जवळच सेंट पीटर नावाचं वेगळं चर्च काढलं. दोन्ही मंडळ्या पुन्हा एक व्हायला 1914 उजाडलं.

तोवर भाषेचा निकाल लागल्यातच जमा होता. आजूबाजूला जर्मन वस्त्या, त्यांच्यातच सोयरिकी, बाजारहाटही त्यांच्याशीच. 1871 मध्ये रेल्वे आली तीही सर्बिनला न येता गिडिंग्जला गेली, आणि गावाची वाढ तिथेच खुंटली. प्रशियात ज्या जर्मनपासून जीव वाचवला, तीच टेक्सासात शेजारीण म्हणून घरात शिरली. किलियान 1884 मध्ये वारले. त्यांच्यामागे मुलगा हर्मान पाळक झाला. तो गेल्यावर, 1920 च्या सुमारास, वेंडिश उपासनाही बंद पडली. पुढे जर्मनही गेली, आता इंग्रजी.

हे सगळं पुस्तकात वाचण्यापेक्षा दफनभूमीत चालत बघा. वेंडिश अक्षरं कोरलेले दगड, मग जर्मन, मग इंग्रजी, आणि आडनावं तीच. एका दगडाशी मी बराच वेळ अडकलो. अक्षरं रोमन, पण त्यांच्या डोक्यावर चेकसारख्या खुणा, आणि एक शब्द कळेल तर शपथ. नगरला आमच्या आजोबांच्या दगडावर मराठी वचन आहे. माझी ऑस्टिनमध्ये जन्मलेली मुलगी तेही असंच बघत उभी राहते.

चर्च आजही चालू आहे. शेजारी वेंडांचं छोटं संग्रहालय आहे. जुन्या काळी त्यांच्या नवऱ्या लग्नात काळा पोशाख घालायच्या, ते तिथेच कळलं (आमच्याकडे काळं नेसून बोहल्यावर उभं राहा म्हणावं!). सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी जत्रेसारखा वेंडिश उत्सव भरतो, शक्यतो तेव्हा जा. तिथे घरगुती अंड्याच्या नूडल्स मिळतात. मी पिशवी घेऊन आलो आणि व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. ती म्हणाली, “अरे, या तर शेवया. अंडं कशाला घातलं यांत?”