सिंड्रेला म्युझिकलचे (गाण्या-नाचाच्या नाटकाचे) कपडे करतेयस ना, मग हे आधी वाच

अगं लगेच मेन रोडला कापड घ्यायला पळू नकोस, आधी गाणी ऐक आणि कोण कुठे नाचतंय, कोणाला ड्रेस बदलायला किती वेळ मिळतोय ते लिहून काढ. म्युझिकलमध्ये त्या कपड्यात गायचं असतं, दम लागतो, म्हणून छाती-कंबर आवळू नको आणि बगलेत चौकोनी तुकडा घालच, नाहीतर हात वर केला की अख्खा झगा वर चढतो. फाटक्या ड्रेसवरून बॉलच्या, म्हणजे राजवाड्यातल्या नाचाच्या, ड्रेसवर जायचं तर फाटका वरून घाल, मागून पूर्ण उघडणारा, पण वेल्क्रो नको हां, त्याचा चर्रर्र आवाज माइकमध्ये जातो, मोठे हूक लाव.

रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवायचाच नाही. ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मध्ये पुस्तकातले चंदेरी बूट १९३९च्या सिनेमात लाल केले, टेक्निकलरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या रंगीत फिल्मवर, ते उठून दिसावेत म्हणून! तूही कापडाचे तुकडे घेऊन कालिदास नाट्यगृहात जा, लाइटवाल्या दादांना शोचेच लाइट लावायला सांग आणि शेवटच्या रांगेतून बघ. निळं कापड पिवळ्या लाइटखाली मळकट दिसतं, आणि बारीक भरतकाम तिथून दिसतच नाही, त्यावर पैसे घालवू नको. त्यापेक्षा टिकल्या आणि जुन्या साड्यांचे जरीकाठ मस्त चमकतात.

कॅनकॅनच्या (घेर फुगवणाऱ्या कडक नेटच्या) आत सुती अस्तर लाव, नेट फार टोचते गं पोरींना. आणि घेर पुढून दोन इंच आखूड ठेव, जिन्यावरून धावायचंय तिला.