‘पॉवर लॉस’ला गळती म्हणावं का?

प्रश्न असा आहे: बॅटरीवरच्या दिव्यांच्या जोडणीबद्दल मराठीत माहितीपत्रक लिहायचं आहे, तारेतल्या ‘पॉवर लॉस’ला ‘वीजगळती’ म्हटलं तर चालेल का, आणि ‘एफिशियन्सी’ला काय म्हणावं?

इथे ‘गळती’ नको असं माझं ठाम मत आहे. कारण मीटर लावून बघितलं की लगेच कळतं. 12 व्होल्टची बॅटरी, दिवा 10 मीटरवर, तार 1.5 चौरस मिलिमीटर तांब्याची. जाऊन-येऊन 20 मीटर तारेचा रोध (रेझिस्टन्स) साधारण 0.23 ओहम भरतो. दिवा 5 अँपिअर घेत असेल तर अमीटर बॅटरीजवळ लावा नाहीतर दिव्याजवळ, आकडा 5च. वाटेत धारा (करंट) कुठेच सांडलेली नाही! व्होल्टमीटर मात्र बॅटरीवर 12 दाखवतो आणि दिव्यावर 10.85. वायरमन याला ‘ड्रॉप येतो’ किंवा ‘तार व्होल्टेज खाते’ म्हणतात, आणि ते अगदी नेमकं आहे. हा 1.15 व्होल्ट गुणिले 5 अँपिअर, म्हणजे 5.75 वॅट. तेवढ्याने तार तापते.

आता दिव्याजवळच्या बटणाने दिवा बंद करा. तारेच्या दोन्ही टोकांना 12 व्होल्ट. तारेतला व्यय शून्य. टाकीला गळती असेल तर नळ बंद केला तरी पाणी जातच राहतं. म्हणून दिवा बंद असूनही रात्रभरात बॅटरी उतरली आणि तारेचं आवरण कुठेतरी खराब निघालं, तर त्याला खुशाल गळती म्हणा. वर्तमानपत्रांतली ‘वीजगळती’ आणखी वेगळी. तिच्यात वीजचोरीसुद्धा धरलेली असते.

व्होल्टसाठी ‘घट’ आणि वॅटसाठी ‘शक्तिव्यय’ हे शब्द मला पटतात. ‘ऊर्जाव्यय’ म्हटलं की वेळ मोजावी लागते, वॅट-तास येतात.

एफिशियन्सीला ‘कार्यक्षमता’च. ‘दक्षता’ हा हिंदी पुस्तकांतून आलेला वापर. मराठीत दक्षता म्हणजे सावधपणा, ‘दक्षता समिती’तला. दिव्याला मिळणारे 54.25 वॅट भागिले बॅटरीने दिलेले 60, म्हणजे सुमारे 90 टक्के. दिवा त्यातला किती भाग उजेडात बदलतो हा हिशेब निराळा, म्हणून ‘जोडणीची कार्यक्षमता’ असं स्पष्ट लिहावं.

पत्रकात वाक्य असं बसेल: ‘5 अँपिअर धारेला तारेत 1.15 व्होल्टची घट होते, 5.75 वॅट शक्ती तार तापण्यात खर्ची पडते आणि जोडणीची कार्यक्षमता सुमारे 90 टक्के राहते.’