वाचकांचे प्रश्न : न निघणारी ॲप, परका डिस्प्ले आणि पेटंटचा हिशेब

या वेळी निवडलेले प्रश्न मोबाइल कंपन्यांच्या आपसातल्या भांडणांचे आहेत. भांडण त्यांचं असलं तरी झळ आपल्या फोनला लागते, म्हणून उत्तरांत कोर्टाबरोबर सेटिंग्जही आहेत.

प्रश्न : २०२२ साली गूगलला तेराशे कोटींचा दंड झाला, तेव्हा नको असलेली ॲप आता काढता येतील असं वाचलं होतं. परवा नवा अँड्रॉइड फोन घेतला. यूट्यूब, क्रोम, जीमेल, कशालाच ‘अनइन्स्टॉल’ नाही. मग त्या आदेशाचं झालं काय? आणि ही ॲप अडवतात ती जागा कशी सोडवायची? — एक वाचक, सांगली

उत्तर : दंड कायम राहिला; तुम्ही वाचलेला आदेश मात्र टिकला नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७.७६ कोटी रुपयांच्या दंडाबरोबर दहा निर्देश दिले होते. अपिलात राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड उचलून धरला आणि दहापैकी चार निर्देश रद्द केले. ‘ग्राहकाला गूगलची आधीपासून भरलेली ॲप काढता आली पाहिजेत’ हा त्या चारांतलाच एक.

जे टिकलं ते फोन बनवणाऱ्यांच्या फायद्याचं आहे. पूर्वीचा करार असा होता, की प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलच्या ॲपचा अख्खा गठ्ठा घ्या आणि सर्चची पट्टी पहिल्या पडद्यावर ठेवा. प्ले स्टोअर नसलेला फोन दुकानात खपत नाही, त्यामुळे सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतापुरतं जाहीर केलं, की कंपन्या आता सुटी सुटी ॲप घेऊ शकतात आणि ग्राहकाला सर्च इंजिन निवडता येईल. तरीही दुकानात बघितलंत तर जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये तोच संच दिसेल. मुभा मिळाली म्हणून वहिवाट मोडत नाही.

आता जागेचं. फोनच्या साठवणुकीत एक सिस्टिमचा कप्पा असतो, तो फक्त वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही. कारखान्यातून आलेलं यूट्यूब तिथे बसलेलं असतं. ते समजा काढता आलं, तरी रिकामी झालेली जागा तुमच्या फोटोंना मिळणार नाही. पण प्ले स्टोअरवरून तेच ॲप अपडेट झालं की नवी प्रत तुमच्या कप्प्यात येते, शिवाय त्याचा डेटा साचतो. खरी जागा खातात ती ही दोन.

म्हणून क्रम असा ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, तिथे ‘सी ऑल ॲप्स’, मग ते ॲप उघडा. आधी ‘स्टोरेज’मध्ये जाऊन ‘क्लिअर डेटा’ करा. मागे येऊन वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांतून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ दाबा. शेवटी ‘डिसेबल’. काही ॲपना हे बटण फिकट दिसतं, कारण कंपनीने त्यांच्यावर अत्यावश्यक असा शिक्का मारलेला असतो. तिथे अपडेट काढण्यावरच समाधान मानावं लागतं.

तीन गोष्टींना हात लावू नका. गूगल प्ले सर्व्हिसेस बंद केलं तर नोटिफिकेशनपासून लोकेशनपर्यंत सगळं अडखळतं. अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू बंद केलं तर इतर ॲपच्या आत उघडणारी पानं, बँकेची आणि तिकिटांचीसुद्धा, पांढरी राहतात किंवा ॲपच कोसळतं. मार्च २०२१ मध्ये या वेबव्ह्यूचं एक अपडेट बिघडलं आणि जगभर जीमेलसकट अनेक ॲप आपोआप बंद पडू लागली होती. अँड्रॉइड ७ ते ९ मध्ये वेबव्ह्यूचं काम क्रोमच करतं, त्यामुळे जुन्या फोनवर क्रोमही राहू द्या. तिसरा कीबोर्ड. दुसरा कीबोर्ड टाकून, तो निवडून, एकदा फोन बंद-चालू करून बघितल्याशिवाय जीबोर्ड, म्हणजे गूगलचा कीबोर्ड, बंद करू नका. पासवर्ड टाइप करायला काहीच उरलं नाही की माणूस दुकान गाठतो.

फेसबुकचं एक जाता जाता. ज्या फोनमध्ये ते भरून येतं, तिथे मुख्य ॲप बंद केलं तरी ‘फेसबुक ॲप मॅनेजर’, ‘ॲप इन्स्टॉलर’ आणि ‘सर्व्हिसेस’ अशी भावंडं मागे राहतात. यादीत ‘शो सिस्टिम’ केलं की ती दिसतात. प्रत्येकाला वेगळं बंद करा. खेळ आणि खरेदीची जी ॲप पहिल्या दिवशी आपोआप उतरतात, ती मात्र तुमच्याच कप्प्यात असतात आणि पूर्ण निघतात. नवा फोन सुरू करताना ‘ॲडिशनल ॲप्स’चा पडदा आला तर घाईत ‘नेक्स्ट’ न दाबता खुणा काढून टाका.

प्रश्न : ॲपल आणि सॅमसंग इतकी वर्षं कोर्टात भांडले, तरी आयफोनचा पडदा सॅमसंगचा असतो म्हणतात. हे खरं आहे का? — बारावीचा विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : खरं आहे. २०१७ च्या आयफोन टेनचा ओलेड पडदा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो तो) तर एकट्या सॅमसंगकडून येत होता. त्याआधी आयफोनचा प्रोसेसरही, ए-४ पासून ए-७ पर्यंत, सॅमसंगच्याच कारखान्यात बनत होता.

ॲपलने एप्रिल २०११ मध्ये कॅलिफोर्नियात दावा लावला. मुद्दे बघा किती बारीक होते. यादी शेवटाला पोचली की ती रबरासारखी ताणून परत येणं, दोन टिचक्यांनी मजकूर मोठा होणं, गोल कोपऱ्यांची दर्शनी बाजू, चिन्हांची रांगोळी. ऑगस्ट २०१२ मध्ये ज्यूरीने सुमारे १०५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. पुढे रक्कम खालीवर होत राहिली. डिझाइन चोरलं तर अख्ख्या फोनचा नफा द्यायचा की फक्त त्या भागाचा, हा प्रश्न थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितलं, की अख्खा फोनच धरला पाहिजे असं नाही, एखादा भागही धरता येतो. मे २०१८ मध्ये नव्या ज्यूरीने ५३.९ कोटी डॉलर ठरवले आणि जूनमध्ये दोघांनी तडजोड केली. मधल्या काळात सॅमसंगने यादीच्या टोकाला ताणण्याऐवजी निळसर चमक दाखवायला सुरुवात केली होती. पेटंट चुकवायचं तर असं चुकवतात.

उलट दिशेने सॅमसंगनेही ३जीच्या पेटंटवरून ॲपलला गाठलं. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने आयफोन ४ आणि आयपॅड २ च्या काही मॉडेलांची आयात थांबवण्याचा हुकूम काढला. दोन महिन्यांत तो ओबामा सरकारने नामंजूर केला.

या सगळ्यात ॲपलने सुटे भाग मात्र हळूहळू दुसरीकडे वळवले. २०१४ चा ए-८ तैवानच्या टीएसएमसीकडे गेला. पुढच्या वर्षीचा ए-९ पुन्हा दोघांकडे वाटून दिला, आणि एकाच मॉडेलच्या दोन फोनांत दोन कारखान्यांच्या चिप निघाल्या. एकाच पुरवठादारावर विसंबायचं नाही, हा या धंद्यातला नियम आहे. कोर्टातलं भांडण त्याला निमित्त झालं. ओलेड पडद्याला मात्र २०१७ मध्ये दुसरा तोडीचा पुरवठादार नव्हता.

प्रश्न : आयफोन १२ चा डिस्प्ले फुटला. गल्लीतल्या दुकानातून बदलून घेतला. आता ‘अननोन पार्ट’ असं येतं, ट्रू टोन गायब आणि फेस आयडीही बंद. दुकानदार म्हणतो, कंपनी मुद्दाम करते. खरं काय? — एक गृहिणी, ठाणे

उत्तर : तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत, आणि तिसरी बहुधा दुकानातली आहे.

‘अननोन पार्ट’ हा कंपनीचाच निर्णय. पडद्याला अनुक्रमांक असतो आणि तो फोनच्या बोर्डाशी जोडलेला असतो. नवा क्रमांक नोंदीशी जुळला नाही की लॉक स्क्रीनवर चार दिवस आणि सेटिंग्जमध्ये पंधरा दिवस सूचना येते. नंतर ती ‘जनरल’, ‘अबाउट’मध्ये कायम राहते. पडदा ज्या कारखान्यातून निघाला तिथलाच असला तरी नोंद नसेल तर फोनच्या लेखी तो परकाच. कंपनी हे सुरक्षेसाठी आणि चोरीच्या भागांना आळा घालण्यासाठी म्हणून सांगते. आमच्या मते सुरक्षेचा मुद्दा फेस आयडीला, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडण्याला, लागू पडतो, पडद्याला ओढूनताणून लावलेला आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये भाग असे जखडण्यावर बंदीचा कायदा केला, तो याच कारणाने.

ट्रू टोन म्हणजे आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग जुळवून घेणं. त्याची आकडेवारी जुन्या पडद्यावरच्या छोट्या चिपमध्ये असते. दुकानदाराकडे ‘प्रोग्रॅमर’ नावाचं यंत्र असेल तर तो जुन्या पडद्यातून ती वाचून नव्यात उतरवू शकतो. त्यासाठी जुना पडदा चालू अवस्थेत हवा, निदान त्याची जोडणीची पट्टी तरी शाबूत हवी. म्हणून जुना पडदा दुकानात सोडून येऊ नका.

फेस आयडीची गोष्ट वेगळी. आयफोन टेनपासून १२ पर्यंत कानाजवळच्या स्पीकरची पट्टी पडद्याच्या मागच्या बाजूला चिकटवलेली असते. तिच्यावर चेहऱ्यावर अदृश्य प्रकाश टाकणारा छोटा दिवा असतो, आणि तो त्याच फोनशी बांधलेला असतो. कारागिराने ही पट्टी जुन्या पडद्यावरून काढून नव्यावर लावायची असते. ती केसासारखी पातळ, खालचा डिंक गरम न करता ओढली की फाटते. किंवा नव्या पडद्याबरोबर आलेली तयार पट्टी तशीच ठेवली जाते. दोन्हींत फेस आयडी जातं. तुमची जुनी पट्टी दुकानात असेल तर ती परत लावून घ्या, बहुधा काम होईल. फाटली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली काम करणारा कारागीर किंवा ॲपलचं सेवा केंद्र, एवढेच दोन मार्ग.

आयफोन १३ मध्ये हा दिवा पडद्यावरून हलवला गेला, पण २०२१ मध्ये सुरुवातीला पडदा बदलला की फेस आयडी सरळ बंद पडत असे. कारागीर पडद्यावरची चिप उचलून नव्यावर डाग देऊ लागले. ओरड झाल्यावर आयओएस १५.२ मध्ये ते सुधारलं.

बसवलेला पडदा कुठल्या प्रतीचा आहे तेही बघा. बाजारात ‘इनसेल’, ‘हार्ड ओलेड’ आणि ‘सॉफ्ट ओलेड’ असे तीन भाव असतात. इनसेल म्हणजे मुळात एलसीडी. पूर्ण काळा फोटो उघडा, ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवा आणि खोलीतला दिवा घालवा. पडदा राखाडी उजळलेला दिसला तर एलसीडी. अंधारात विरून गेला तर ओलेड. एलसीडी जाडही असतो, त्यामुळे कडेला किंचित वर उठलेला लागतो. हार्ड ओलेड काचेवर बनतो आणि पडला की लवकर तडकतो.

आयओएस १८ पासून काही मॉडेलांत ‘रिपेअर असिस्टंट’ आहे. भाग ॲपलचाच असेल, दुसऱ्या फोनमधून काढलेला असला तरी, तो इंटरनेटवरून जुळवून घेता येतो. जुळवणी नाकारली गेली तर भाग कुणाच्या तरी लॉक केलेल्या फोनचा असण्याची शक्यता धरा आणि दुकानदाराला परत करा.

प्रश्न : आमचं मोबाइलचं दुकान आहे. एका फोनमागे पेटंटचे किती पैसे जातात? आणि कंपन्यांच्या दाव्यात माल अडकू शकतो का? — नाशिक

उत्तर : प्रत्यक्ष करार गुप्त असतात, मागणीचे दर मात्र जाहीर आहेत. ५जी फोनसाठी क्वालकॉमचा दर निव्वळ किमतीच्या ३.२५ टक्के, आणि हिशेबाला किंमत जास्तीत जास्त ४०० डॉलर धरतात. म्हणजे फोन कितीही महाग असो, १३ डॉलरच्या वर जात नाही. एरिक्सनने फोनमागे अडीच ते पाच डॉलर जाहीर केले, नोकियाने तीन युरोपर्यंत, ह्युआवेने अडीच डॉलरपर्यंत. या कंपन्यांच्या पेटंटशिवाय ५जी चालतच नाही, म्हणून त्यांनी रास्त आणि भेदभाव न करणाऱ्या अटींवर परवाना द्यायचा असतो. रास्त म्हणजे किती, यावरच सगळे दावे. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हा या भारतीय मोबाइल कंपनीला एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये द्यायला सांगितलं, तो अशाच दाव्यात.

माल अडकतो का? अडकतो. डिसेंबर २०१४ मध्ये एरिक्सनच्या दाव्यावरून दिल्ली उच्च न्यायालयाने शाओमीच्या फोनांची आयात-विक्री थांबवली. आठवडाभरात खंडपीठाने क्वालकॉमची चिप असलेल्या फोनांना, प्रत्येकी शंभर रुपये जमा करण्याच्या अटीवर, तात्पुरती मोकळीक दिली. मीडियाटेक चिपचे थांबलेलेच राहिले. एकाच कंपनीचा एक फोन विकता येतो आणि दुसरा नाही, याचं कारण असं आतल्या चिपमध्ये असतं. जर्मनीत नोकियाच्या दाव्यामुळे ओप्पोने ऑगस्ट २०२२ मध्ये विक्री थांबवली. तडजोड व्हायला जानेवारी २०२४ उजाडलं.

गिऱ्हाइकाने विकत घेतलेला फोन यात बंद पडत नाही. तुम्ही फक्त खरेदीच्या बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असल्याची खात्री करा. नुसतं नाव लिहिलेलं असेल तर फोन कुठल्या चिपचा हे सांगता येत नाही, आणि वितरकाकडे परतावा मागताना तिथेच घोडं अडतं.

प्रश्न : आयफोनवर पत्त्यावर बोट ठेवलं की ॲपलचाच नकाशा उघडतो. गूगलचा कायम करता येईल का? — पणजी

उत्तर : भारतात नाही. २०१२ मध्ये आयओएस ६ बरोबर ॲपलने गूगलचा नकाशा काढून स्वतःचा घातला. तो इतका कच्चा निघाला, की टिम कुक यांनी जाहीर माफी मागून ग्राहकांना दुसऱ्यांचे नकाशे वापरायला सुचवलं. आयओएस १८.२ पासून सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, ‘डिफॉल्ट ॲप्स’ इथे ब्राउझर, मेल, कॉलिंग अशा गोष्टी बदलता येतात. नकाशाची निवड १८.४ मध्ये आली, ती सुरुवातीला फक्त युरोपीय संघात. तोवर पत्ता दाबून धरा, ‘कॉपी’ करा आणि गूगल मॅप्समध्ये चिकटवा.