पार्किंग लाइटचा फ्यूज सारखा उडतो, 10 च्या जागी 20 अँपिअरचा टाकला तर चालेल का?

20 चा अजिबात टाकू नका. गॅरेजवाल्याने तो आधीच बसवला असेल तर आजच काढा.

तुम्ही लिहिलंय की गाडी 2012 ची हॅचबॅक आहे, पार्किंग लाइटचा 10 चा फ्यूज कधी दोन दिवसांत उडतो तर कधी आठवडाभर टिकतो, दोघा मेकॅनिकना फॉल्ट सापडला नाही आणि तिसरा म्हणाला, "20 चा टाका, कटकट मिटेल." मी साताऱ्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, 22 वर्षं झाली. असा सल्ला मिळालेल्या गाड्या शेवटी माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्यूज वायर वाचवायला असतो. बल्ब गेला तर चाळीस-पन्नास रुपयांत नवा येतो, वायर पेटली तर गाडी जाते. काही वर्षांपूर्वी एक गाडी हायवेवरून टो करून आणली होती. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवलेली. डॅशबोर्डखालून धूर आल्यावर त्या माणसाने बॉनेट उघडून बॅटरीची वायर उपटली म्हणून वाचले. मागच्या सीटवर त्याची दोन लहान मुलं झोपली होती. मी खालचं पॅनेल काढलं तर हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडीतल्या) दहा-बारा वायरी एकमेकींत वितळून काळ्या गुळाच्या ढेपेसारखा गोळा झाला होता. तो वास मला आजही आठवतो. तेव्हापासून कोणी "मोठा फ्यूज टाक" म्हटलं की मी काम नाकारतो.

आता तुमच्या गाडीचा हिशेब. पुढचे दोन, मागचे दोन आणि नंबर प्लेटचा एक, असे 5 वॅटचे पाच बल्ब म्हणजे 25 वॅट. मीटरमागचे आणि एसीच्या बटणांमागचे बारके दिवे मिळून 35 धरा. 12 व्होल्टने भागलं तर तीन अँपिअरसुद्धा होत नाहीत. 10 चा फ्यूज गरजेच्या तिपटीहून मोठाच आहे. तो उडतोय म्हणजे करंट बल्बपर्यंत न जाता वाटेत कुठेतरी बॉडीला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेल्या पत्र्याला, मिळतोय. वायर बॉडीला पक्की टेकली तर 20 काय, 30 चाही क्षणात जाईल. खरी भीती अर्धवट टेकलेल्या वायरीची. समजा तिथून 16 अँपिअर वाहतात. 10 चा फ्यूज मिनिटाच्या आत जाईल, 20 चा जाणारच नाही, आणि 10 च्या हिशेबाने घातलेली बारीक वायर कार्पेटखाली तापत राहील.

उडालेले फ्यूज फेकले नसतील तर एक उजेडात धरून बघा. आतली पट्टी मधोमध वितळून तुटलेली आणि प्लास्टिक स्वच्छ असेल तर जादा लोड हळूहळू गेलाय. पट्टीच गायब आणि प्लास्टिकला आतून काळा-चंदेरी फवारा बसलेला असेल तर एका झटक्यात शॉर्ट झालाय. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो.

फॉल्ट शोधायला फ्यूज जाळत बसू नका. एक टेस्ट लॅम्प बनवा. स्कूटरच्या इंडिकेटरचा होल्डर घ्या, 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब लावा, त्याच्या दोन वायरींना फ्यूजच्या पायाएवढे चपटे लग (वायरीच्या टोकाला लावायच्या धातूच्या पट्ट्या) बसवा. लग जाड नकोत, नाहीतर फ्यूजचा सॉकेट कायमचा सैल होतो आणि मग तिथेच तापायला लागतं. इग्निशन आणि दिवे बंद ठेवून फ्यूज काढा आणि त्या जागी हा लॅम्प लावा. मग पार्किंगचे सगळे बल्ब होल्डरमधून काढा आणि पार्किंगचं बटण चालू करा. सर्किट ठीक असेल तर लॅम्प विझलेला राहील, किंवा मीटरमागच्या बारक्या दिव्यांमुळे फार तर मंद दिसेल. शॉर्ट असेल तर पूर्ण उजेडात पेटेल, पण 21 वॅटच्या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे वायरीला काही होत नाही. आता एकेक कनेक्टर सोडवत जायचं. जो सोडवल्यावर लॅम्प विझेल किंवा मंद होईल, त्याच्या पुढच्या तुकड्यात फॉल्ट.

तुमचा फॉल्ट येतो-जातो, म्हणून लॅम्प लावल्या लावल्या तो पेटणार नाही. एकाला लॅम्पवर नजर ठेवायला बसवा आणि दुसऱ्याने वायरी हलवत फिरायचं. एकटे असाल तर लॅम्पला समांतर रिव्हर्सचा बझर जोडा, मागे असतानाही ऐकू येतं. बल्ब काढलेलेच हवेत, नाहीतर बझर उगाच वाजेल.

सुरुवात डिकीपासून करा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये नंबर प्लेटच्या दिव्याची वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून डिकीच्या दारात जाते. 2012 पासून दिवसातून दोन-चारदा डिकी उघडली असेल तर ती वायर त्याच जागी हजारो वेळा वाकलीय. नळीचं एक टोक बोटाने दाबून बाहेर ओढा आणि मागे सरकवा. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या नळीच्या आत वायरीची साल कडक होऊन बांगडीसारखी फुटलेली सापडते, आणि तांबं हिरवट पडलेलं. डिकी बंद केली की दोन फुटलेल्या जागा एकमेकींना किंवा पत्र्याला टेकतात, उघडली की सुटतात. म्हणूनच गॅरेजमध्ये डिकी उघडून तपासणाऱ्याला काही सापडत नाही! तुमच्या दोघा मेकॅनिकचं असंच झालं असावं, असा माझा अंदाज आहे. लॅम्प लावून डिकी सावकाश उघड-झाक करा.

तिथे नसेल तर मागच्या दिव्यांचे होल्डर बघा. त्यात ब्रेक आणि पार्किंगचा मिळून दोन फिलामेंटचा बल्ब असतो. कोणी एका फिलामेंटचा बल्ब दाबून बसवला असेल तर दोन टोकं एकत्र येतात. ब्रेक दाबल्यावर मीटरचे दिवे लागत असतील तर हाच बल्ब किंवा त्याची कच्ची अर्थ (बॉडीला जोडलेली वायर), दोन्ही तपासा. मग बाहेरून लावलेल्या वस्तू: स्टीरिओ, फॉग लॅम्प, टो हुक, नंबर प्लेटची एलईडी पट्टी. पार्किंगच्या वायरीला साल काढून पिळ मारून वर टेप गुंडाळलेला जोड दिसला तर त्यावर आधी संशय घ्या. गाडी शेताजवळ उभी राहत असेल तर बॉनेटखालीही बघा. आमच्याकडे ऊसतोड झाली की शेतातले उंदीर गाड्यांत शिरतात आणि पहिल्यांदा वायरीच कुरतडतात.

दोन गोष्टी सांभाळा. पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या नळीतल्या वायरींना हात लावू नका, ती एअरबॅगची लाइन असते. आणि हा लॅम्प एअरबॅग, एबीएस (ब्रेकमध्ये चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) किंवा इंजिनच्या कंट्रोलरच्या फ्यूजच्या जागी कधीही लावू नका. तिथे माहितगार माणूसच हवा.

जागा सापडली की नुसता टेप मारून सोडू नका, पुढच्या पावसाळ्यात तो सुटतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, खराब तुकडा कापून टाका, तेवढ्याच जाडीची लवचीक वायर घालून सोल्डर करा आणि वर हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळणारी नळी) चढवा. स्लीव्ह जोडाच्या आधीच वायरीत ओवायची. घाईत विसरलं की सगळं परत कापावं लागतं. जोड वाकणाऱ्या जागेपासून चार बोटं लांब घ्या, नाहीतर सोल्डरच्या कडेला वायर पुन्हा तुटते. त्या नळीत एक वायर फुटली असेल तर शेजारच्याही त्याच वाटेवर असतात, सगळ्याच बदला. सुट्ट्या वायरींच्या कामाला तास-दोन तास लागतात आणि सामान फारसं लागत नाही.

मग लाल, 10 चाच फ्यूज टाका. तोवर रात्री गाडी काढायचीच असेल तर दोन सुटे 10 चे बरोबर ठेवा. वाटेत उडाला आणि मागचे दिवे गेले तर आधी बाजूला थांबून तो बदला, तसेच पुढे जाऊ नका. डिकी उघड-झाक करताना लॅम्प पेटला की नाही ते इथे लिहा. नसेल पेटला तर तुमच्या गाडीचं मॉडेल सांगा, पुढची जागा सांगतो.