आठ कोअर, पण विमान एकाच्याच भरवशावर

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. कॉम्प्युटर तगडा घेतला, तरी कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या घरच्या सिम्युलेटरमध्ये विमान अडखळतंय. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग, आणि फ्रेम म्हणजे पडद्यावर भराभर बदलणारं एकेक चित्र, सेकंदाला जितक्या तितकं बरं.) एकेक घेऊ.

प्रश्न (जुळे सोलापूर) : माझ्याकडे आठ कोअरचा रायझन 7 5700एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2020 मध्ये सोलापूरहून एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) घेऊन निघतो. इथे 45-50 फ्रेम मिळतात, मुंबईत उतरताना 22. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू मात्र 25 टक्केच दिसतो. उरलेले 75 टक्के कामाला कसे लावू?

उत्तर : नाही लावता येणार. आणि त्या आकड्यावर फार विश्वासही ठेवू नका. तुमच्या प्रोसेसरला कोअर आठ असले तरी विंडोज त्याचे 16 थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कामाच्या रांगा, मोजतं. म्हणजे एक थ्रेड घामाघूम झाला तरी एकूण आकड्यात तो दिसतो सव्वासहा टक्के. शिवाय विंडोज ते काम क्षणाक्षणाला या कोअरवरून त्या कोअरवर हलवतं, त्यामुळे कोअरचे वेगवेगळे आलेख उघडलेत तरी एकही शंभरला टेकलेला दिसेलच असं नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, कुणालाही विचारा, एक चादर आठ मागांवर विणता येत नाही. आठ माग आठ चादरी काढतील. तुम्हाला हवी ती एक चादर एका मागाच्याच वेगानं उतरणार. बाकीचे हात कांड्या भरतील, सूत आणून देतील, तुटलेला धागा जोडतील, इतकंच. सिम्युलेटरची एक फ्रेम ही अशीच एक चादर. तुम्ही स्टिक ओढली, त्यावरून विमान कुठे गेलं, त्यावरून काटे कुठे आले, त्यावरून समोर काय दिसायचं, हे सगळं ओळीनंच होतं, आणि ते करणाऱ्याला म्हणतात मेन थ्रेड. जीन ॲमडाल यांनी 1967 मध्ये हेच गणितात मांडलं : निम्मं काम ओळीनंच करावं लागत असेल तर कोअर हजार लावा, वेग दुपटीच्या पुढे जात नाही.

माझ्या सांगण्यावरही जाऊ नका, स्वतः बघा. मुंबईच्या अप्रोचवर असताना रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम 22 च्या 22 च राहिल्या तर ग्राफिक्स कार्ड निर्दोष आहे. जनरल सेटिंगमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की वरच्या डीबग मेनूत फ्रेम दाखवायची सोय आहे. तिथे तर सरळ लिहूनच येतं, लिमिटेड बाय मेन थ्रेड. तुमचं तेच येणार, पैज लावतो.

मग टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमीन किती दूरपर्यंत बारकाईनं दाखवायची ते) 200 वर असेल तर 100 वर आणा. अंतर निम्मं केलं की सांभाळायचं क्षेत्रफळ चौथाईवर येतं. विमानतळावरची उभी विमानं, गाड्या, माणसं कमी करा. एटीआरच्या कॉकपिटमध्ये सगळे पडदेच आहेत, तेव्हा ग्लास कॉकपिटचा रिफ्रेश रेट मीडियमवर ठेवा. ढगांना हात लावू नका, त्यांचा भार बराचसा कार्डावर असतो आणि तुमचं कार्ड रिकामं बसलंय. शेवटी 30 फ्रेमवर लॉक करा. डोळ्याला खुपतो तो चढउतार. 50 वरून 22 वर येणं म्हणजे एका फ्रेमला 20 मिलिसेकंद लागत होते तिथे 45 लागणं. कायम 33 लागले तर विमान लोण्यासारखं उतरतं.

(गोव्याला जाऊन बघा एकदा. 9 जून 2025 पासून होटगी रोडच्या विमानतळावरून खरं एटीआर गोव्याला जायला लागलं, तेव्हापासून मी घरी तोच मार्ग धरतो. मुंबईइतकी दाटी नाही, फ्रेमही खूश.)

प्रश्न (अकरावीतला विद्यार्थी, विजापूर रोड) : काका, व्हिडिओ बघून विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगमध्ये बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'नंबर ऑफ प्रोसेसर्स'ला टिक करून 12 निवडलं. फास्ट झाल्यासारखं वाटतंय. अजून काय करू?

उत्तर : आधी ती टिक काढ बाळा. विंडोज मुळातच सगळे प्रोसेसर वापरतं. तो चौकोन आहे कमी करण्यासाठी, चाचण्या घेणाऱ्यांच्या सोयीचा. फास्ट वाटलं ते रीस्टार्टमुळे. ब्राउझरचे चाळीस टॅब बंद झाले ना!

ही खोड कुठून आली तेही सांगतो. 2006 चा एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचाच जुना फ्लाइट सिम्युलेटर) पहिल्यांदा आला तेव्हा जास्तीचे कोअर त्याला फारसे कळतच नव्हते. 2007 च्या दुरुस्त्यांनंतर कळायला लागले, आणि लोक त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ॲफिनिटीमास्क, म्हणजे कोणते कोअर वापरायचे ते सांगणारा आकडा, लिहायला लागले. चार कोअरला आकडा 14, म्हणजे बायनरीत 1110 : पहिला कोअर विंडोजला सोडला, बाकी तीन विमानाला. तेव्हा त्यात अर्थ होता. आजच्या सिम्युलेटरवर असले उतारे करू नकोस.

प्रश्न (अक्कलकोट रोड) : घर वर, खाली टॉवेलचे माग. सकाळी सिम्युलेटर छान चालतं, दुपारी वीस मिनिटांत फ्रेम निम्म्यावर येतात. प्रोसेसर बदलावा का?

उत्तर : थांबा, पैसे खिशात ठेवा. तुमच्यासारख्याच एका घरातला कॅबिनेट मी मागच्या मे महिन्यात उघडला होता. पंखा काढला, तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या, पत्र्यांवर सुताची लव बसून चक्क नमदा तयार झालेला. रंग फिकट गुलाबी, खाली त्या आठवड्यात गुलाबी टॉवेल निघत होते. चिमट्यानं धरून ओढला तर पापडासारखा अखंड निघाला.

प्रोसेसरवरचा हा पंखा-हीटसिंकचा कूलर काही एसी नव्हे. तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर अमुक अंश, एवढंच त्याच्या हातात. सकाळी खोली 28 ला आणि दुपारी 41 ला असेल, तर ते 13 अंश जसेच्या तसे प्रोसेसरच्या डोक्यावर. रायझन 5000 मालिकेतले बरेच प्रोसेसर 90 अंशांना आणि इंटेलचे बहुतेक शंभराला पोचले की स्वतःच वेग कमी करतात. आणि विमान ज्या एका थ्रेडच्या जिवावर उडतं, त्याचाही वेग त्यात जातो.

एचडब्ल्यूइन्फो हे मोजमाप दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून तापमान आणि कोअरचा वेग सोबत बघा. एक चढताना दुसरा पडत असेल तर निदान झालं. मशीन बंद करून, प्लग काढून साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती पेन्सिलीनं अडवून धरा, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. चार-पाच वर्षांत प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट बदलली नसेल तर तीही बदला. पुढच्या जाळीला धुता येणारी फिल्टर लावा आणि महिन्यातून एकदा नळाखाली धरा. कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलात तरी फरक पडेल.

प्रश्न (सात रस्ता) : फक्त सिम्युलेटरसाठी नवीन मशीन. सोळा कोअरचा 7950एक्स की आठ कोअरचा 7800एक्स3डी?

उत्तर : 7800एक्स3डी. त्याची एल3 कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी, 96 एमबी, सोळावाल्याची 64, तीही दोन भागांत वाटलेली. मेन थ्रेडला लागणारी माहिती हाताशी असली की रॅमकडे हेलपाटे कमी होतात. व्हिडिओ एडिटिंगचा धंदा असता तर उलट सांगितलं असतं.

प्रश्न (निवृत्त शिक्षक, होटगी रोड) : दुकानदारानं 16 जीबीची एकच रॅम बसवली आहे. चालेल ना?

उत्तर : चालतं सर, पण एका नळावर हंडा भरल्यासारखं. तसलीच दुसरी पट्टी घ्या, म्हणजे दोन चॅनल चालतील. मग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवायची सोय, चालू करा. तो बंद असला तर 3200 ची रॅमही बहुधा 2133 किंवा 2400 वरच रांगते. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी वापरायची. नक्की कोणती ते बोर्डवर खाचांच्या शेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं, चष्मा लावून बघा.