हँडल घरीच बदला, फक्त शेजारी खुर्ची टाकून साडूला बसवू नका

प्रश्न असा आहे की लांबच्या राइडसाठी बाइकचं हँडलबार घरी बदलता येतं का की मेकॅनिककडेच द्यावं, कोणतं घ्यावं आणि खर्च किती.

येतं. बिनधास्त बदला. 'घरी हात लावू नका' म्हणणारे आमच्याही घरात एक आहेत, त्यांच्यामुळेच हे उत्तर लिहायला बसलोय.

२०१८ ची गोष्ट. माझी रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५०, मी सहा फूट, आणि भांडुपहून चिपळूणला जायचं म्हणजे मुंबई-गोवा हायवे, त्याबद्दल काय बोलायचं. माणगावला चहाला थांबेपर्यंत मनगटं बधिर व्हायची. म्हणून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून दोन इंच उंच हँडल आणलं, तेव्हा अठराशेला पडलेलं, आता भाव तुम्ही विचारून घ्या. गणपतीच्या आधीचा रविवार, सोसायटीचं पार्किंग, टाकीवर जुनी गोधडी, आणि बाजूला खुर्चीवर चहा घेऊन आमचे साडू. मेकॅनिकल इंजिनियर आहेत, पंधरा वर्षं एक्सेल शीट भरतायत.

सोडवायला काही लागत नाही. आरसे, बार-एन्ड, ग्रिप, स्विच, लिव्हर, चार बोल्ट. ब्रेक ऑइलची डबी मात्र उलटी लोंबकळू द्यायची नाही, हवा शिरली की ब्लीडिंग, म्हणजे पाइपातली हवा बाहेर काढत बसाल, आणि ते ऑइल टाकीवर सांडलं तर रंग उडतो. मी डबी सुतळीने सरळ बांधून ठेवली होती.

स्विचच्या आत एक बारीक पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते म्हणून स्विच जागचा हलत नाही. नव्या हँडलला भोक नव्हतं. साडू म्हणाले, "अहो, पिन घासून टाका ना, कानस आहे का?" तेवढं मी ऐकलं नाही. तीनदा माप घेऊन ड्रिल मारलं, बरोब्बर बसलं.

मग क्लच केबल. नव्या उंचीला पुरेना. मी म्हटलं, उद्या लांब केबल आणतो. तर साडू उठले, चहाचा कप माझ्या हातात दिला, केबल गाईडमधून, म्हणजे तिला वाटेवर धरून ठेवणाऱ्या कडीतून, बाहेर काढली, जवळच्या बाजूने फिरवून ओढून बसवली आणि म्हणाले, "बसली बघा. वापरात सैल होतेच ती." मी मान डोलावली. माझी चूक एवढीच.

दोन दिवसांनी बायको-पोरगी तुतारी एक्स्प्रेसने पुढे गेल्या आणि मी सामान बांधून पहाटे निघालो. पोलादपूर सोडून कशेडी चढायला घेतला, आता बोगदा झालाय पण तेव्हा सगळा घाटच, तर गाडी नुसती ओरडतेय, पुढे सरकत नाही, आणि मग तो जळका वास. ज्याने एकदा घेतलाय तो विसरत नाही. गाडी वळवून हळूहळू पोलादपूरला परत आलो. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीकडे न बघताच क्लच प्लेटी गेल्या सांगितलं, चार तास लागतील म्हणाला. दुसऱ्या गॅरेजात एक म्हातारा मिस्त्री होता, त्याने लिव्हर दोन बोटांनी हलवून बघितला आणि म्हणाला, "ह्यात खेळच नाय, जरा पण ढील नाय. क्लच कायम अर्धा दाबलेलाच हाय, प्लेटी काय करतील बिचाऱ्या?" केबलचा ताण कमी-जास्त करणारा ॲडजस्टर पूर्ण आत फिरवला, हँडल धरून ठेवणारा क्लॅम्प सैल करून हँडल मागे पाडलं, तेवढ्यानेच केबलला श्वास मिळाला. पन्नास रुपये घेतले. हात पोटाशी धरून चिपळूण गाठलं, गणपती उरकल्यावर लांब केबल टाकली आणि तेच हँडल आजही गाडीला आहे.

पण तेव्हापासून बारसं असो, साखरपुडा असो, साडू चार माणसांत सुरू करतात, "घरी काम केलं की असं होतं, मी सांगितलेलं." कधी सांगितलेलं? केबल ओढली कोणी? असो.

तर हँडल बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचे बोल्ट, बाकी सगळं काम केबलचं. जुनं सोडवायच्या आधी नवं हँडल क्लॅम्पच्या वर धरून डावी-उजवीकडे फिरवा, केबल आणि ब्रेकचा पाइप पुरतोय का ते तिथेच कळतं. बसवल्यावर गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवा, आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणलीय, गेटबाहेर पण जाऊ नका. क्लचच्या लिव्हरला दोन-तीन मिलीमीटर खेळ हवाच. ग्रिप चढवताना डब्ल्यूडी-४० मारू नका, नंतर हातात फिरते. बायकोचा हेअरस्प्रे मारा, सुकला की घट्ट धरतो.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं, घ्यायच्या आधी हँडलची जाडी मोजा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना क्लॅम्पपाशी २२ मिलीमीटर असतं, पण काही ॲडव्हेंचर गाड्यांना मधे जाड, २८.६ वालं येतं, ते एकमेकांत बसत नाही. ब्रेकचा पाइपच कमी पडत असेल आणि ब्लीडिंग कधी केलं नसेल, त्यात एबीएस असेल, तर तेवढं काम खरंच गॅरेजला द्या (हे साडूंना दाखवू नका). फार रुंद पण घेऊ नका, घाटकोपरला एलबीएस रोडवर बेस्टची बस आणि रिक्षाच्या मधून निघताना माझा डावा आरसा गेलाय.

कोणतं घ्यावं ते कसं सांगू, गाडी कोणती आणि तुमची उंची किती हे लिहिलंच नाहीये.